ओंगोलची गाय परदेशी गेली, तिच्यापासून आपण काय शिकावे?



एका गाईचे छायाचित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पाहण्यात आले असेल. पांढरीशुभ्र गाय, पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी आणि वजन अकराशे किलो! २०२३ साली ब्राझील देशात या गाईचा एक-तृतीयांश हिस्सा लिलावात विकला गेला. त्या हिशेबाने अख्ख्या गाईची किंमत तीस कोटी रुपयांच्या वर भरली. गावोगावच्या पारावर ही चर्चा मी स्वतः ऐकली आहे. "आपलीच जात, साहेब, आणि तिकडे बघा काय मोल!" एवढे बोलून मंडळी तंबाखू झटकतात आणि घराकडे वळतात.

माझे म्हणणे एवढेच की इथे उठू नये, थोडे बसावे. ती किंमत दुधाची नाही की कातड्याची नाही. ती किंमत तिच्या पोटी निपजणाऱ्या वंशाची आहे. हा वंश तिथल्या लोकांनी कसा घडवला, हे ऐकण्यासारखे आहे. कारण त्यासाठी लागलेली मुख्य अवजारे दोनच होती आणि ती दोन्ही आपल्या घरात येऊ शकतात. एक वजनकाटा आणि दुसरी वही.

ही गाय तिकडे कशी पोचली?

आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर ओंगोल नावाचा मुलूख आहे. तिथली जनावरे उंच, हाडापेराने भक्कम आणि काळ्या रानात ओढकामाला दमदार. शेजारच्या नेल्लोर भागाच्या नावावरून परदेशात या जातीला 'नेलोर' हे नाव पडले. असे सांगतात की १८६८ साली इंग्लंडकडे निघालेले एक जहाज ब्राझीलच्या साल्वादोर बंदराला लागले. त्यावर ओंगोलची एक जोडी होती. ती तिथेच विकली गेली आणि तिथेच राहिली. दहा वर्षांनी, म्हणजे १८७८ साली, तिथल्या एका पशुपालकाने जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या प्राणिसंग्रहालयातून आणखी एक जोडी नेली. पुढे थोडी थोडी करून गुरे जात राहिली. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मोठी खेप गेली. ओंगोलजवळच्या गावाचे नाव मिरवणारा 'करवडी' हा प्रसिद्ध वळूही त्याच सुमारास गेला. ओंगोलबरोबर आपले गीर आणि कांकरेजही गेले. सगळी मिळून भारतातून गेलेली जनावरे सहा-सात हजारांच्या आसपास भरतात.

आज ब्राझीलमध्ये वीस कोटींहून अधिक गुरे आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या अंगात भारतीय रक्त आहे. आपल्या २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशाचा गोवंश १९ कोटी ३४ लाखांच्या घरात मोजला गेला. यावरून त्या सहा-सात हजारांचे काय झाले, याचा अंदाज यावा. युरोपातील गुरे तिथल्या उन्हाने धापा टाकीत, गोचिडांनी बेजार होत, निकस गवतावर खंगत. आपली गुरे मात्र तिथे टिकली, फळली आणि वाढली.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. तिथे हे जनावर मांसासाठी पाळतात. आपल्या घरात गाय-बैलाचे स्थान वेगळे आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. तेव्हा त्यांचा धंदा आपण उचलावा, असे मी सुचवीत नाही. पण वासरू झपाट्याने कसे वाढेल, हा प्रश्न त्यांचा तसाच आपलाही आहे. खोंड लवकर कामाला येणे, कालवड लवकर माजावर येणे, बोकडाला बाजारात वजन भरणे, हे सारे वाढीवरच अवलंबून आहे. वाढीचे शास्त्र सगळीकडे एकच.

माझी एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी माणदेशातील एका गावी होतो. गावाने वर्गणी काढून वळू घ्यायचे ठरवले आणि निवडीसाठी मला बरोबर नेले. यात्रेत आम्ही दिवसभर हिंडलो. शेवटी एक खिलारी खोंड पसंत केला. शिंगे अशी की कारागिराने घडवल्यासारखी, अंग चकचकीत, चाल राजासारखी. वाजत-गाजत त्याला गावात आणले. मी त्याची वंशावळ विचारली नाही, आईबापांची चौकशी केली नाही. कृषी पदवीधर असून केली नाही.

दीड-दोन वर्षांनी त्याची वासरे गोठ्यागोठ्यांत दिसू लागली. रूप होते, पण अंग धरेना. वर्षाच्या खोंडांच्या बरगड्या मोजता येत. लोक मला तोंडावर काही बोलले नाहीत. बोलली ती शेळ्या राखणारी एक म्हातारी.

"सायेब, शिंगं बगून आणलासा. त्येच्या आईनं किती वासरं वाढवली, ते इचारलंसा का?"

मी म्हणालो, "नाही आजी, चुकलंच."

"मग आता तीन साल भोगा," ती म्हणाली आणि शेळ्यांमागे निघून गेली.

आजी लिहिणारी-वाचणारी नव्हती. पण कोणत्या शेळीची करडे सहा महिन्यांत भरतात आणि कोणत्या शेळीची रडतखडत वाढतात, हे तिला दहा-बारा वर्षांचे तोंडपाठ होते. बोकड राखायचा तो भरणाऱ्या शेळीचाच, हा तिचा नेम. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी जे कागदावर केले, ते ही बाई डोक्यात करीत होती. गाय वर्षाला एक वासरू देते, वळू मात्र गावातील सगळ्या वासरांचा बाप होतो. म्हणून गाय चुकली तर एक दावण चुकते, वळू चुकला तर गावाची पिढी चुकते.

कान मोजणारे वजन मोजू लागले

ही चूक करणारे आपण एकटेच नाही. ब्राझीललाही सुरुवातीची कित्येक वर्षे डोळ्यांनीच निवड चाले. एका काळी तिथे लांब कानांचे भारी वेड होते. कान जितका लांब, तितके रक्त शुद्ध आणि तितकी किंमत जास्त! पण कानाने वजन वाढत नाही, हे यथावकाश त्यांच्या ध्यानात आले.

साव पावलो राज्यात सेर्तांवझिन्यो या गावी एक सरकारी पशुसंशोधन केंद्र आहे. तिथे १९५१ पासून खोंडांच्या वाढीच्या चाचण्या सुरू झाल्या. वेगवेगळ्या कळपांतील दूध तुटलेले खोंड एका ठिकाणी आणायचे, सगळ्यांना एकच चारा, एकच पाणी, एकच निवारा द्यायचा आणि ठरलेल्या दिवसांनी वजन करायचे. आपापल्या गोठ्यात कोणी सरकी पेंड चारतो, कोणी नुसता कडबा. तिथे तुलना खरी होत नाही. एका दावणीला आल्यावर मात्र कोणाच्या अंगात वाढ आहे, ते उघडे पडते. पुढे १९६८ पासून उबेराबा येथील झेबू पशुपालकांच्या संघटनेने सभासदांच्या गोठ्यांतही ठरावीक वयाला वजने घेऊन नोंदवण्याची पद्धत घातली.

याच सेर्तांवझिन्यो केंद्रात १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेलोर गुरांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यात कळप वेगवेगळे केले. एका कळपात पैदाशीसाठी फक्त सरासरी वजनाची जनावरे ठेवायची, जड नाहीत की हलकी नाहीत. दुसऱ्या कळपात सर्वांत जड भरतील तीच ठेवायची. खोंडांचे वजन साधारण एक वर्षाच्या वयाला घ्यायचे, कालवडींचे दीड वर्षाच्या वयाला. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालवला.

सरासरीचा कळप कशाला ठेवला, असे आपल्याला वाटेल. पाऊस चांगला झाला, गवत माजले, की दोन्ही कळपांची वजने वाढणार. दुष्काळात दोन्हींची घटणार. पण दोघांमधील फरक जर पिढीगणिक रुंदावत गेला, तर तो पावसाचा गुण नाही, रक्ताचा आहे. आणि तो फरक खरोखरच रुंदावत गेला. दुसरी भीती अशी होती की वजनाच्या मागे लागून गाई फळण्यात मागे पडतील. वर्षानुवर्षांच्या नोंदींत तसे आढळले नाही.

रक्ताचा वाटा किती?

वासराची वाढ दोन गोष्टींवर ठरते. एक आईबापांकडून आलेले रक्त आणि दुसरे पोटात पडणारे अन्न व जोपासना. वर्षाच्या वयाच्या वजनात जनावरा-जनावरांत जो फरक दिसतो, त्यातील साधारण ३० ते ४० टक्के फरक रक्ताचा असतो, असे नेलोरच्या नोंदींवरून दिसते. बाकीचा चारा, पाणी, गोचीड, जंत आणि आईच्या दुधाचा. दूध पिणाऱ्या वासराच्या वजनात तर आईच्या कासेचा वाटा मोठा असतो. म्हणूनच वळू निवडताना वर्षाचे वजन पाहणे अधिक भरवशाचे.

समजा, एका गावातील वर्षाच्या खोंडांचे सरासरी वजन २०० किलो आहे आणि त्यांतला एक २४० किलोचा निघाला. तो ४० किलोंनी पुढे आहे. त्यातील ४० टक्के, म्हणजे १६ किलो, रक्ताचे धरू. वासराला बापाकडून निम्मेच रक्त येते. म्हणजे त्याच्या प्रत्येक वासराला सरासरी ८ किलोंचा लाभ. "एवढेच?" असे म्हणू नका. पेंडीने वाढवलेले वजन पेंड थांबली की थांबते, दरवर्षी पुन्हा पैसे मोजावे लागतात. रक्तातील ८ किलो एकदा आले की पुढच्या पिढीला ते पायरी होतात. त्यावर पुन्हा निवड केली की पुढची पायरी. असाच जिना ब्राझीलचे लोक चढत गेले.

आता तिथे एका वळूच्या शेकडो वासरांच्या नोंदी संगणकात घालून, याची संतती इतरांपेक्षा किती किलोंनी पुढे राहील, याचा आकडाच काढतात आणि विक्रीच्या यादीत छापतात. अलीकडे वासराच्या केसांवरून किंवा रक्तावरून त्याचे आनुवंशिक गुण आधीच अजमावण्याची सोय झाली आहे. पण हे सारे आले ते काट्यावरच्या जुन्या वजनांच्या बळावर. पायात नोंदी नसत्या, तर त्या यंत्रांना काही सांगता आले नसते.

डोळा कसा फसतो, पाहा

एका गोठ्यात दोन वासरे आहेत. दोन्ही जन्मली तेव्हा २५ किलोंची. आज 'सोन्या' १५० किलोंचा आहे, 'राजा' १३८ किलोंचा. येणारा-जाणारा सोन्यावरच हात ठेवणार. पण वही काढून पाहिली, तर सोन्याचे वय २४० दिवस आहे आणि राजाचे १९० दिवस.

सोन्याने २४० दिवसांत १२५ किलो कमावले, म्हणजे रोजचे सुमारे ५२० ग्रॅम. राजाने १९० दिवसांत ११३ किलो कमावले, म्हणजे रोजचे सुमारे ५९५ ग्रॅम. दोघांना २०५ दिवसांच्या एकाच वयावर आणून बसवले, तर सोन्या भरतो १३२ किलो आणि राजा १४७ किलो. डोळ्याने निवडलेला सोन्या हिशेबाने १५ किलो मागे! जन्मतारीख लिहिलेली नसती, तर गावाने राजाला बडवून बैल केला असता आणि सोन्याला वळू.

चांगले विकले, उरले ते वळू

आता मनाला लागणारी गोष्ट सांगतो. आपल्याकडे निवड होतच नाही असे नाही. निवड होते, पण उलटी होते. गोठ्यातला सर्वांत तेजदार खोंड यात्रेत पहिल्यांदा विकला जातो, कारण त्याला गिऱ्हाईक येते. कळपातला सर्वांत भरदार बोकड बकरी ईदेच्या बाजारात आधी जातो, कारण त्याला पैसा मिळतो. मागे राहतो तो रोडका, ज्याला कोणी विचारत नाही. तोच मोकळा फिरतो आणि गाई-शेळ्या त्याच्यापासूनच गाभण राहतात. असे वर्षानुवर्षे चालले की जात खुजी होते. मग आपण म्हणतो, गावरान जनावरात दम नाही. दम होता; तो आपण बाजारात नेऊन पोचवला.

घरात पैशाची नड असते, मुलीचे लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते, हे मला कळते. चांगला खोंड विकू नका, असे एका घराला सांगणे अन्यायाचे आहे. पण गावाने मिळून तो खोंड बाजारभावाने विकत घ्यावा आणि गावातच ठेवावा, हे अशक्य नाही. यात्रेतून अनोळखी जनावर आणण्यासाठी आपण वर्गणी काढतोच ना?

घरी काय करता येईल?

१. वही घाला. वासराची जन्मतारीख, आई, बाप, जन्माचे वजन आणि पुढची वजने एवढे रकाने पुरेत. कृत्रिम रेतन केले असेल, तर रेतमात्रेवरचा वळूचा क्रमांक आठवणीने उतरून घ्या. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे सोपवा, ते चुकणार नाही.

२. काटा नसेल तर टेप घ्या. जनावर सपाट जागी सरळ उभे करा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, आलेल्या संख्येला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोंत येते. घेर ५० इंच व लांबी ४२ इंच असेल, तर वजन सुमारे १५९ किलो. हा अंदाज आहे, पण तुलनेला पुरतो. करडांसाठी ताणकाटा आणि गोणपाटाची झोळी पुरे. वजन नेहमी सकाळी, चारा-पाण्याआधी घ्यावे.

३. तुलना बरोबरीच्यांशी करा. एकाच हंगामात जन्मलेली आणि एकाच चाऱ्यावर वाढलेली वासरे एकमेकांशी ताडून पाहा. पेंडीवरचा खोंड आणि कडब्यावरचा खोंड यांची तुलना करू नये.

४. कामाचा विचार आधी करा. खिलारला पाय, खूर आणि चपळाई हवी. नुसता जडपणा त्याला ओझे होईल. देवणीला दूधही हवे आणि ओढही. म्हणून परक्या जातीचा जड वळू आणून भलताच संकर करू नका. आपल्याच जातीत, जातीचे गुण राखून, जो बरोबरीच्यांत पुढे आहे तो निवडा.

५. वजनाच्या आहारी जाऊ नका. जन्मतःच फार मोठी वासरे निपजवणारा वळू लहान चणीच्या कालवडींना अडवतो. विताना त्रास होतो. फार थोराड गाईला चाराही जास्त लागतो. कोरडवाहू घराला बेताची, पण दरसाल फळणारी गायच परवडते. खोंडाचे वृषणही पाहावेत. नेलोरमध्ये असे दिसते की वृषणांचा घेर चांगला असलेल्या वळूच्या लेकी लवकर माजावर येतात.

६. वळू वेळेवर बदला. त्याच्या लेकी भरवण्याजोग्या होण्याआधी, म्हणजे साधारण तीन वर्षांत, शेजारच्या गावाशी वळूची अदलाबदल करा. ब्राझीलमध्येही थोड्याच नामांकित वळूंचे रक्त फार पसरल्याने जवळच्या नात्यातील पैदाशीची काळजी त्यांना घ्यावी लागते. अदलाबदलीपूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात वळूची सांसर्गिक गर्भपाताची तपासणी अवश्य करून घ्यावी.

७. निवडीत न बसलेले खोंड वेळीच बडवून घ्या. ते बैल म्हणून कामाला येतील, नुकसान काही नाही. मोकाट मात्र ठेवू नका.

शेवटी एवढेच

त्या माणदेशातील गावाने पुढे काय केले, तेही सांगतो. वळू बदलला. या वेळी यात्रेला कोणी गेले नाही. गावातल्याच एका गाईचा खोंड ठेवला. दिसायला साधा, एक शिंग किंचित वाकडे. पण त्या गाईची आधीची चारही वासरे भरलेली होती आणि हे सगळ्यांना माहीत होते. त्याची वासरे वर्षाची झाली तेव्हा मी मुद्दाम जाऊन टेपेने मोजली. आजी कुंपणाशी उभी राहून पाहत होती. मी विचारले, "आजी, आता कसं?"

"आता बरं हाय," ती म्हणाली. "पर ल्हिऊन ठिवा. मी काय जन्माला पुरनार हाय?"

आजी आज नाही. तिच्या डोक्यातील दहा-बारा वर्षांचा हिशेब तिच्याबरोबर गेला. ओंगोलच्या गाईने समुद्रापलीकडे नाव काढले, कारण तिथे कोणीतरी लिहून ठेवले आणि लिहिलेले पुढच्या माणसाच्या हाती दिले. येत्या पोळ्याला बैलांच्या अंगावर झूल घालाल, शिंगांना बेगड लावाल. त्याच बाजारहाटात एक वही आणि एक टेप आणा आणि गोठ्याच्या खुंटीला टांगून ठेवा. पहिले नाव या वर्षी जन्मलेल्या वासराचे घाला.